बाईंची जॉयस्टिक

रत्नागिरीत बाईंची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक, त्यांना पाठीला डोळे आहेत. दोन, त्या भयंकर घमेंडखोर आहेत. पहिली गोष्ट शाळेतली मुलं सांगत आणि दुसरी गावातली मोठी माणसं. दोन्हींचं मूळ एकच होतं, पण ते कळायला मला अख्खी एक सहामाही लागली.

मी मूळचा कऱ्हाडचा. रत्नागिरीच्या एका शाळेत संगणक आणि विज्ञान शिकवायला तात्पुरता म्हणून लागलो होतो. बाई तिथे भूमिती शिकवायच्या. पहिल्याच आठवड्यात मला त्या राम आळीत पाठमोऱ्या दिसल्या. नव्या गावात ओळखीचं माणूस दिसलं की जीव सुखावतो, म्हणून मी मागून हाक मारली, "बाई! ओ बाई!" मी चांगला खणखणीत ओरडलो होतो. भाजीवाल्या वळल्या, एक रिक्षा थांबली, बाई मात्र सरळ चालत राहिल्या. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी जरा फुरंगटूनच म्हणालो, "काल तुम्हाला हाक मारली होती."

"ऐकली की," बाई म्हणाल्या. "समोर का नाही आलास? काम असलं म्हणजे माणूस समोर येतो."

मी त्याच दिवशी गावाच्या मताला येऊन मिळालो.

खरी गोष्ट अशी होती की बाईंना मान वळवता येत नव्हती. तरुणपणी त्यांना पाठीच्या कण्याचा एक आजार जडला. त्यात मणके हळूहळू एकमेकांना जुळत जातात आणि शेवटी सगळा कणा एकाच हाडाचा होऊन बसतो. बाईंचा तो मानेपर्यंत झाला होता. मान किंचित पुढे झुकून तिथेच थांबली होती. डावीकडे काही बघायचं तर अख्ख्या बाई डावीकडे वळत, लहान लहान पावलं टाकत. आकाशात काही बघायचं तर गुडघे वाकवून मागे रेलत. भर बाजारात हाकेसरशी असं वळायचं म्हणजे दोन माणसांना आणि एका सायकलला धक्का. म्हणून त्यांनी ते सोडूनच दिलं होतं. आणि हे कुणाला सांगायचं नाही असंही ठरवलं होतं. मी पुढे एकदा विचारलं, की सांगून टाका ना, लोक उगाच नावं ठेवतात. तर म्हणाल्या, "प्रत्येकाला एक्स-रे दाखवीत फिरू काय रे?"

पाठीच्या डोळ्यांचं रहस्य म्हणजे आरसे. फळ्याच्या वरच्या कडेला त्यांनी स्कूटरचा आरसा ठोकून घेतला होता. फळ्याकडे तोंड करून वर्तुळ काढता काढता त्या म्हणायच्या, "तिसऱ्या बाकावरचा, बोरं बाहेर जाऊन खा." नवीन मुलांची बोबडी वळायची. घरी तर बघायलाच नको. चुलीवरच्या भिंतीला एक, विहिरीच्या खांबाला एक, देवघरात एक. छत्रीच्या दांड्याला सायकलचा लहानसा गोल आरसा बांधलेला. पावसात त्या छत्री घेऊन निघाल्या की पोरं मागे न येता बाजूने चालत. बाईंना सगळं दिसतं, ही गोष्ट एकदा पसरली ती पसरलीच.

बोलणं अस्सल तिथलं. हेल काढून, नाकातून, शेवटचा शब्द लांबवून. माझ्या 'व्हय' आणि 'लई'ची त्या वर्गात नक्कल करून दाखवायच्या, आणि मी तोंड पाडलं की म्हणायच्या, "रागावतोस काय मेल्या, गोड आहे तुझी भाषा. फक्त कोणी मारायला आल्यासारखी वाटते."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो इंटरनेटच्या वायरीसाठी. संगणकाचा मास्तर म्हणजे वायरीचाही मास्तर, असा आपल्याकडे समज आहेच. परटवण्याच्या उतारावर त्यांचं जांभ्या दगडाचं बैठं घर होतं. लग्न त्यांनी केलं नव्हतं, एकट्याच राहायच्या. मला वाटलं होतं, निकालपत्रकं भरण्यापुरता एखादा म्हातारा संगणक असेल. आत गेलो तर मधल्या खोलीत आरामखुर्ची, तिच्यासमोर नजरेच्या बरोबर उंचीवर लावलेला मोठा पडदा, खुर्चीच्या उजव्या हाताला एक जाडजूड जॉयस्टिक पट्ट्यांनी आवळलेली, डाव्या हाताला पुढेमागे सरकणारी मूठ, आणि पायाशी शिवणयंत्राचं पायटं. वरचं यंत्र नाही, नुसतं ते जाळीदार लोखंडी पायटं. मी वायर शोधायला वाकलो आणि तोल सावरायला त्याच्यावर हात टेकला.

"त्याला दाबू नको," बाई ओरडल्या. "तो माझा पाय आहे."

पडद्यावर एक प्रचंड लोखंडी आकृती उभ्या जागी गर्रकन वळली, आणि मी तिथेच फतकल मारून बसलो. कारण हा खेळ मी ओळखत होतो. कऱ्हाडला कॉलेजात असल्यापासून मी तो खेळत होतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्यापैकी खेळत होतो. आमच्या भूमितीच्या बाई, ज्यांच्यापुढे हेडमास्तरसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावून बोलत, त्या घरी बसून मेक लढवत होत्या.

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मेक म्हणजे घराएवढा उंच, दोन पायांचा लढाऊ लोखंडी पुतळा. तुम्ही त्याच्या आत बसून तो चालवता. त्याचं वैशिष्ट्य कमरेत असतं. पाय एका दिशेला चालत राहतात आणि कमरेवरचा भाग, बंदुकांसकट, दुसऱ्या दिशेला वळू शकतो. चार जण इकडून, चार जण तिकडून. हा मेक चालवायचे दोन मार्ग. बहुतेक सगळे कीबोर्ड आणि माउस वापरतात. बोटांनी पाय चालवायचे, माउसने कंबर वळवायची आणि नेम धरायचा. माउसचा नेम केसाइतका बारीक लागतो. दुसरा मार्ग जॉयस्टिकचा, म्हणजे विमानातल्यासारखी उभी दांडी हलवून कंबर वळवायची. तिचा नेम हलतो, उशिरा पोचतो. लढाईत माउसवाल्यापुढे जॉयस्टिकवाला म्हणजे बंदुकीपुढे गलोल. हे मी बाईंना त्याच दिवशी, जमिनीवर बसल्या बसल्या, बरंच विस्ताराने सांगितलं. शिकवायची सवय वाईट असते.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खेळून दाखव बघू तुझ्या उंदराने."

माउसला त्या कायम उंदीरच म्हणायच्या आणि जॉयस्टिकला काठी. मी घरून लॅपटॉप आणला आणि दिमाखात खेळायला बसलो. समोरच्या एका मेकला मी असा काही टिपत होतो की ज्याचं नाव ते. बाई शेजारी उभ्या होत्या. मी अगदी शेवटचा घाव घालणार एवढ्यात माझा मेक धाडकन नदीत कोसळला. माझे डोळे शत्रूवर होते आणि पाय भलतीकडेच चालले होते. माउसवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं. कंबर एवढी सहज वळते की पाय कुठे निघालेत याचं भान सुटतं.

बाई हसल्या. त्यांना हसताना मान हलवता यायची नाही, त्यामुळे त्या खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत सगळ्या हसायच्या. "कऱ्हाडकर," त्या म्हणाल्या, "आधी पाय कुठे आहेत ते बघ."

हे वाक्य पुढे मी हजार वेळा ऐकलं. सिद्धता अर्धवट सोडणाऱ्या मुलाला, सहलीचा बेत फुगवून सांगणाऱ्या हेडमास्तरांना, मी लग्नाच्या गोष्टी करायला लागलो तेव्हा मला. "आधी पाय कुठे आहेत ते बघ रे बाबा."

हे वेड त्यांना लागलं कसं, तेही त्यांनीच एकदा आमसुलं वाळत घालता घालता सांगितलं. त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला होता. सुट्टीत आला की तो बाईंकडे राहायचा आणि दिवसभर खेळायचा. एकदा बाई चहा टाकून सहज दारात आल्या. पडद्यावर त्याचा मेक डोंगर चढत होता आणि चढता चढता कमरेतून वळून मागे बघत होता.

"पाय पुढे चाललेले आणि हा मागे बघतोय," बाई म्हणाल्या. "मी तिथेच उभी. चहा उतू गेला, गॅस विझला, वास सुटला, मला पत्ता नाही. मागे केवढं काय काय असतं रे! आख्खी दरी होती मागे. आरशात एवढंसं दिसतं, बशीएवढं."

भाचा बोटीवर परत गेला तेव्हा संगणक आणि काठी बाईंनी ठेवून घेतली. पायट्याची कल्पना त्यांची स्वतःची. आईचं शिवणयंत्र गंजून गेलं होतं. गावातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी पायट्याच्या दांड्याला रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण बसवून घेतलं. चवडा दाबला की मेक उजवीकडे वळायचा, टाच दाबली की डावीकडे. रेडिओवाल्याने विचारलं होतं, बाई, हे कशाला? बाईंनी सांगितलं, चालायला. त्याने पुढे काही विचारलं नाही.

मी मात्र विचारलं. माउसनेही मागे बघता येतंच की. उलट पटकन येतं. मग ही काठीच कशाला?

बाईंनी हातातलं आमसूल ताटात ठेवलं. "उंदराने जग फिरतं," त्या म्हणाल्या. "काठीने मी फिरते." मग माझं तोंड बघून त्यांनी ते सोपं करून सांगितलं, भूमितीचं प्रमेय सांगावं तसं. "काठी ओढून धरायला लागते. जोर लागतो, मनगट भरून येतं. सोडली की कंबर आपसूक जागेवर. माणसाची मान तशीच असते. मला आठवतं ना. वळवून धरली की इथे ताण पडायचा." आणि त्यांनी मानेच्या डाव्या बाजूला, कानाखाली, दोन बोटं ठेवली.

त्यानंतर माउस श्रेष्ठ की जॉयस्टिक यावर मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही.

मेकही त्यांनी असा निवडला होता की जो दुसरा कोणी घेत नसे. जुना, संथ, बंदुका बेताच्या. पण त्याची कंबर सगळ्यांत जास्त, जवळजवळ पाठीमागेपर्यंत वळायची. बाई त्याला राखणदार म्हणायच्या. आमच्याकडे देशावर वेशीवर म्हसोबा असतो तसा तिकडे गावाच्या सीमेवर राखणदार फिरतो, आणि तो चिडू नये म्हणून माणसं त्याला नारळ देतात. बाईंनी नारळ दिला होता की नाही माहीत नाही, पण खेळायला बसताना काठीला हात लावून नमस्कार करायच्या.

हळूहळू आमची टीम झाली. हेडफोनवर बोलत खेळणारे आणखी दोघे आम्हाला मिळाले, दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच. एक सावर्ड्याचा, मोबाइलचं दुकान चालवणारा. दुसरा पूर्णगडचा, मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळणारा. बाई सगळ्यांना गावाच्या नावाने हाका मारायच्या. "सावर्डे, डावीकडे सर. पूर्णगड, घाई करू नको. कऱ्हाड, पाय!" त्या दोघांनी बाईंना पाहिलेलं नव्हतं. शाळेतल्या कोणीतरी कडक बाई आहेत आणि काठीने खेळतात, एवढंच त्यांना ठाऊक.

मराठी खेळाडूंची एक लीग चालायची तीत आम्ही नाव घातलं आणि लागोपाठ हरायला लागलो. सामना संपला की पडद्यावर प्रत्येकाच्या नावासमोर आकडा यायचा, कोणी शत्रूचं किती नुकसान केलं त्याचा. बाईंचा आकडा कायम तळाला. सावर्डे काही बोलायचा नाही, दुकानदार माणूस. पूर्णगडला मात्र राहवेना. एकदा बाई हेडफोन काढून उठल्यावर तो मला म्हणाला, "मास्तर, बाईंचा एक गोळा लागत नाय. असा आपण लीगच्या बाहेर जाणार. त्यांना माउस घ्यायला सांगा, नायतर दुसरा माणूस बघूया. तुम्हाला जमत नसंल तर मी येतो रविवारी आणि समोर बसून सांगतो."

माझ्याने सांगणं होणार नव्हतं. मी म्हटलं, ये.

तो आला मोटारसायकलवरून, सकाळीच. काळा, रुंद खांद्यांचा, हातात पापलेटांची पिशवी. मला मागे बसवून बाईंकडे जाताना रस्ताभर तो काय काय बोलायचं ते मला म्हणून दाखवत होता. बाई मागच्या अंगणात फणसपोळ्या उन्हात घालत होत्या, आमच्याकडे पाठ करून. याने दारातूनच दणदणीत हाक मारली, "बाईनू!"

बाई वळायला लागल्या. आधी एक पाऊल, मग दुसरं, मग तिसरं. खांदे, मान, डोकं सगळं एकत्र, एखादं जड कपाट सरकवावं तसं. अशा त्या पूर्ण वळून त्याच्या समोर आल्या. पूर्णगड बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्याला सगळं कळलं. काठी का, तो संथ मेक का, सगळं. मला एक शब्द सांगावा लागला नाही.

"तू पूर्णगड," बाई म्हणाल्या. "आवाजावरून ओळखलं. बोल, काय बोलायला आलास?"

"काय नाय," तो म्हणाला. "पापलेट द्यायला आलो."

"पापलेट द्यायला पूर्णगडाहून?"

"ताजा गावला ना."

बाईंनी पिशवी घेतली नाही. त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "हे बघ. तू मला टीममधून काढायला आला होतास. आता मला बघितलंस आणि तुला दया आली. काढलंस तर मी रागावणार नाही. पण दयेने ठेवलंस तर परत तोंड दाखवू नको."

पूर्णगड पिशवी धरून उभाच. शेवटी हळूच म्हणाला, "आकडा कमी येतो बाई. आपण हरतो."

"हां. आता बोललास." बाईंनी हात पुढे करून पिशवी घेतली. "अजून दोन मॅच राहिल्यात. पहिली मी उंदराने खेळते. दुसरी काठीने. मग तुम्ही तिघांनी ठरवायचं. उंदीर म्हणालात तर उंदीर घेईन. घरी बस म्हणालात तर बसेन. जेवून जा आता."

तो जेवला, पण मान खाली घालून. मी त्याला सोडायला मोटारसायकलपर्यंत गेलो तर म्हणाला, "मास्तर, माझी आई असती तर मी असा बोललो नसतो." मी म्हटलं, तुझी आई असती तर तिने ऐकून घेतलं नसतं.

पुढचे काही दिवस बाई माउसच्या मागे लागल्या त्या अशा की मला धडकीच भरली. त्यांना वाकून टेबलाशी बसता येत नसे, म्हणून त्यांनी आरामखुर्चीच्या हातावर पोळपाट बांधला आणि त्यावर माउस फिरवायला लागल्या. शाळेतून आल्या की सराव. मधल्या सुट्टीतसुद्धा बाकावर डस्टर तसा फिरवताना मी त्यांना पाहिलं. त्या जिंकायला शिकत होत्या, आणि ज्या गोष्टीसाठी त्या खेळायच्या ती गोष्ट त्यात नव्हती. मी एकदा विचारलं, कसं वाटतंय? "नेम लागतो," त्या म्हणाल्या. "नुसता नेम लागतो."

पहिला सामना झाला. बाईंनी माउसने जो कहर केला तो मी विसरणार नाही. भूमितीची बाई, कोन तिच्या रक्तात. सामना संपल्यावर त्यांचा आकडा सगळ्यांत वर होता, माझ्याही वर. आणि आम्ही सपाटून हरलो. इतक्या लवकर कधीच हरलो नव्हतो. मी पहिल्या धडाक्यात गेलो, मग सावर्डे, मग पूर्णगड. बाई एकट्या मागे उरून लढत राहिल्या आणि शेवटी पडल्या.

"आकडा तर मस्त आला," पूर्णगड गोंधळून म्हणाला. "मग हरलो कसे?"



दुसरा सामना शनिवारी दुपारी होता. मी बाईंच्याच घरी, त्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. बाईंनी पोळपाट सोडून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, काठीला नमस्कार केला आणि पायट्यावर अनवाणी पाय ठेवले. हा सामना गेला असता तर आम्ही लीगबाहेर, आणि बाईंना घरी बसवायचं की नाही ते आम्हा तिघांवर. त्यांनी स्वतःच ठरवलेलं होतं, आणि त्या शब्द फिरवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सुरुवातच वाईट झाली. आम्ही खोऱ्यात उतरलो आणि समोरच्या चौघांनी आम्हाला भाजून काढलं. माझा एक हात तुटला, सावर्डे लंगडायला लागला, पूर्णगडची छाती उघडी पडली, आणखी एक गोळा बसता तर संपलाच असता. एकच वाट होती, घाटातून वर चढून माथा गाठायचा आणि तिथून उलटून लढायचं. पण चढायचं म्हणजे शत्रूला पाठ द्यायची, आणि मेकची पाठ कागदासारखी पातळ असते.

"वर चला तिघं," बाई म्हणाल्या. "कोणी मागे बघू नका. मी बघते."

आम्ही चढायला लागलो. बाई सर्वांत शेवटी. चढायला मी फक्त कीबोर्डची एक कळ दाबून ठेवली आणि शेजारी त्यांच्या पडद्याकडे बघत राहिलो, आणि मग मला ते दिसलं, जे इतके दिवस एकाच खोलीत बसून मी पाहिलं नव्हतं. राखणदाराचे पाय आमच्या मागोमाग घाट चढत होते आणि त्याची कंबर पूर्ण उलटी, खाली खोऱ्याकडे वळली होती. गोळा आला की तो क्षणभर डावा खांदा पुढे करायचा, गोळा तिथे झेलायचा. पुढचा उजव्या खांद्यावर. पुन्हा डावा. धान्य पाखडताना बायका सूप जसं एका लयीत हलवतात तसं चाललं होतं. कुठलाच भाग एकदम फुटू द्यायचा नाही, मार सगळीकडे वाटून घ्यायचा. नेम धरायला वेळच नव्हता, गोळे कुठेही जात होते. बाईंचा आकडा तळाला का राहायचा ते मला तेव्हा कळलं. त्या कधी मारतच नव्हत्या. आमच्यावरचा मार त्या घेत होत्या, प्रत्येक सामन्यात, आणि त्याचा आकडा पडद्यावर येत नाही. माउसने खेळल्या तेव्हा त्यांनी नेमासाठी तोंड शत्रूकडे रोखून धरलं, मार घ्यायला मध्ये आल्या नाहीत, आणि आम्ही तिघं उघडे पडलो.

आणि बोलणं चालूच होतं, हजेरी घेतात त्या आवाजात. "उजवीकडे एक, तो लंगडतोय. डावीकडचा थांबला, तापलाय त्याचा मेक. सावर्डे, दगडाच्या आडून जा. पूर्णगड, तुझ्यावर नेम धरलाय एकाने, मी मध्ये येते, तू चाल. कऱ्हाड, पाय बघ, कडा आहे." राखणदाराचा डावा हात तुटून पडला. मग उजवा. नुसत्या धडावर त्या वर चढत होत्या.

मी बाईंकडे पाहिलं. आरामखुर्चीत त्या नेहमीसारख्या ताठ, मान त्या कायमच्या जागी. फक्त मनगट आणि पावलं हलत होती, मनगटाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, आणि चेहरा असा होता की मी नजर काढून घेतली. देवळात कोणी डोळे मिटून उभं असलं की आपण बाजूने जातो ना, तसं वाटलं. मी आयुष्यात बरेच खेळाडू पाहिलेत, मोठे मोठे सामने पाहिलेत. एवढा थक्क मी पुन्हा कधी झालो नाही.

माथ्यावर पोचलो. आम्ही तिघं वळलो. खालून वर येणारे ते चौघे आता आमच्या बंदुकांसमोर होते, बाईंवर गोळे उडवून उडवून तापलेले. पुढचं काम फार वेळाचं नव्हतं. राखणदार शेवटच्या वळणावर गुडघ्यांवर बसला तेव्हा शत्रूचा एकच मेक शिल्लक होता, आणि त्याला पूर्णगडने टिपला.

जिंकलो. पडद्यावर आकडे आले. बाई तळाला, नेहमीपेक्षाही खाली.

हेडफोनमध्ये सावर्डे जोराने श्वास घेताना ऐकू येत होता. बाईंनी काठी सोडली आणि मनगट चोळत म्हणाल्या, "आकडा बघा आणि ठरवा काय ते. मी ऐकत्ये."

पूर्णगड बोलला. त्याच्या आवाजात दया औषधालाही नव्हती, तो अगदी कामाचं बोलत होता, लाँचवरच्या माणसाशी बोलावं तसं.

"बाई, काठी सोडू नका. तुम्ही मागे असलात म्हणजे मला बिनघोर पुढे बघता येतं."

बाई खुर्चीत समोर, जिकडे त्यांचं तोंड होतं तिकडेच बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, खाली ओघळू दिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मी असते मागे."